बॅडमिंटन हॉलमध्ये उजेड वाढला, तरी शटल दिसेना

प्रश्न (भुसावळ):
नमस्कार. आमच्या पत्र्याच्या बॅडमिंटन हॉलमधले जुने मेटल हॅलाइड दिवे काढून एलईडीचे हाय-बे (उंच छतासाठीचे) दिवे बसवले. उजेड वाढला खरा, पण उंच आलेले शटल घेण्यासाठी मान वर करताच डोळे दिपतात, आणि सरावानंतर काही मुले डोके दुखत असल्याचे सांगतात. समितीला आणखी दिवे लावायचे आहेत. ते योग्य ठरेल का?

उत्तर (प्रशिक्षक, जळगाव):
कृपया दिवे वाढवू नका. युरोपीय मानक ईएन १२१९३ मध्ये बॅडमिंटनच्या सरावासाठी ३००, क्लब पातळीसाठी ५०० आणि वरच्या पातळीच्या सामन्यांसाठी ७५० लक्स (उजेड मोजण्याचे एकक) उजेड धरलेला आहे, तेव्हा आधी लक्स मीटरने मोजून पाहा. माझ्या मते अडचण दिव्यांच्या जागेची आहे. या खेळात नजर सतत वर जाते, म्हणून दिवे कोर्टाच्या डोक्यावर न ठेवता बाजूच्या रेषांबाहेर, कोर्टाच्या लांबीला समांतर रांगेत लावावेत. मागची भिंत पांढरी असल्यास तिला गडद हिरवा, बिनचमकीचा रंग द्या. पांढरे शटल पांढऱ्या भिंतीवर दिसणार कसे?

उत्तर (विद्युत कंत्राटदार, धुळे):
जागेबाबत सहमत आहे, मात्र डोकेदुखीचे कारण निराळेही असू शकते. आपला वीजपुरवठा ५० हर्ट्झचा असल्याने हलक्या प्रतीच्या ड्रायव्हरवर (एलईडीला योग्य वीज पुरवणाऱ्या भागावर) दिवा सेकंदाला १०० वेळा मंद-प्रखर होतो. डोळ्याला ते सहसा कळत नाही, तरी काहींना त्याचा त्रास होतो आणि वेगवान शटल तुटक दिसू शकते. मोबाइलवर स्लो मोशनमध्ये दिव्याचे चित्रण करा. पट्टे सरकताना दिसले, तर ड्रायव्हर बदलून घ्या. खानदेशातल्या मे महिन्यात पत्र्याखाली फार उष्णता साठते आणि ड्रायव्हरमधले कपॅसिटर उष्णतेने लवकर निकामी होतात, म्हणून तो किती तापमानापर्यंत चालतो हे विक्रेत्याकडून लेखी घ्या.

प्रश्नकर्ता:
आभारी आहे. चित्रणात पट्टे स्पष्ट दिसले. पण दिवे बाजूला सरकवल्यास कोर्टाच्या मध्यभागी उजेड कमी पडेल का?

उत्तर (प्रशिक्षक, जळगाव):
दिव्यांचा कोन योग्य ठेवल्यास सहसा पडत नाही. जाळीजवळ, मध्यभागी आणि चारही कोपऱ्यांत मोजा. सर्वांत कमी आकडा सरासरीच्या ७० टक्क्यांखाली नसावा. मोजणी रात्री करा, म्हणजे खिडक्यांचा उजेड त्यात मिसळणार नाही. दिवसाही सराव असेल, तर कोर्टाच्या मागच्या बाजूचे झरोके मात्र झाकून घ्या.