वाक्प्रचाराचा उगम सांगावा की नुसता अर्थ? ('टेंटरहुक्स'वरून)

बोरूबहाद्दर:
भाचीने चाचणीत 'ऑन टेंडरहुक्स' लिहिलं आणि मार्क गेला. गाइडात 'टेंटरहुक्स = फार अस्वस्थ' एवढंच. मग मी तिला गोष्ट सांगितली. इंग्लंडात लोकरीचं कापड धुऊन-कुटून झालं की ते ओलं असताना आक्रसू नये म्हणून 'टेंटर' नावाच्या लाकडी चौकटीवर ताणून वाळवत. कडा अडकवायचे वाकडे खिळे म्हणजे टेंटरहुक. लंडनच्या स्पिटलफील्ड्समध्ये 'टेंटर ग्राउंड' नावाची गल्ली आजही आहे. चहूबाजूंनी ताणलेलं, सुटायची सोय नाही; आपला 'जीव टांगणीला'च! आता ती जन्मात चुकणार नाही. उगम सांगितल्याशिवाय वाक्प्रचार शिकवूच नयेत, असं माझं स्पष्ट मत.

खडूस मास्तर:
साफ अमान्य. टेंटरच्या चौकटी होत्या, खिळे होते, म्हणून ती गोष्ट टिकते. बाकीच्यांचं काय? 'कोल्ड फीट' (ठरवलेल्या गोष्टीतून ऐन वेळी कच खाणे) घ्या. बर्फात पाय गारठलेले सैनिक म्हणे लढाईतून मागे फिरले. पुरावा मागितला की सगळे गप्प. इंग्रज नाटककार बेन जॉन्सनच्या 'व्होल्पोने' नाटकात गार पायांची एक लोम्बार्डी (उत्तर इटलीतली) म्हण येते, पण तिचा रोख पैशाच्या चणचणीवर. आजचा अर्थ अमेरिकन लेखक स्टीफन क्रेनच्या 'मॅगी' कादंबरीच्या 1896 च्या आवृत्तीत दिसतो. यातलं पोरांना काय सांगू?

आणि पोरं उगमात नाही, वापरात चुकतात. 'कोल्ड फीट'ला बिनधास्त 'हातपाय गार पडणे' लिहितात. साप दिसला की आपले हातपाय गार पडतात. कोल्ड फीट वेगळं: साखरपुडा झाला, हॉल ठरला, पत्रिका छापल्या आणि नवरदेव म्हणतो, "जरा विचार करून सांगतो."

अक्षतावाली:
लग्नावरून आठवलं, 'तारांबळ' हा शब्द मंगलाष्टकातल्या 'ताराबलं चंद्रबलं तदेव'वरून आला असं सांगतात. त्या ओळीला मांडवात जी धावपळ उडते ती पाहिलेल्याला शब्द वेगळा शिकवावा लागत नाही. गोष्ट रचलेली निघाली तरी माझी हरकत नाही.

खडूस मास्तर:
माझी आहे. रचलेली गोष्ट एकदा डोक्यात बसली की निघत नाही.

पोटातला गोळा:
काही वाक्प्रचारांना गोष्ट लागतच नाही. घाबरलं की ॲड्रेनालिन वाढतं, पोटाकडचं रक्त हातापायांच्या स्नायूंकडे वळतं आणि पोटात कालवाकालव होते. इंग्रजांना त्यात फुलपाखरं दिसली ('बटरफ्लाइज इन द स्टमक'), आपल्याला गोळा. (फुलपाखरं जरा लाडिकच वाटतात मला.) 'हीबी-जीबीज' (भीतीची शिरशिरी) तर नुसता नाद. त्याचं श्रेय अमेरिकन व्यंगचित्रकार बिली डीबेकला देतात, साल 1923. 1926 मध्ये जॅझ गायक-वादक लुई आर्मस्ट्राँगने त्याच नावाचं गाणं रेकॉर्ड केलं. 'भंबेरी' म्हणताना तरी कोण उगम शोधतो?

बोरूबहाद्दर:
उगम नको म्हणत सालासकट सांगितलात की! मास्तर, कोल्ड फीटचं मान्य. टेंटर मात्र सोडणार नाही.

खडूस मास्तर:
सोडू नका. भाचीकडून त्याचं एक वाक्य तेवढं करून घ्या.

बोरूबहाद्दर:
घेतलं. "निकाल लागेपर्यंत मामा टेंटरहुक्सवर होता." टेंटरवर तीच होती, पण स्पेलिंग बरोबर आहे.