फोर्ट स्टिकीन: स्फोटाआधी हे जहाज काय करत होतं?

भायखळ्याचा वाचक
दर १४ एप्रिलला मुंबई गोदीतल्या १९४४च्या स्फोटाची तीच पोस्ट फिरते. सोन्याच्या विटा, बंद पडलेलं घड्याळ, अग्निशमन दलाचे मेलेले ६६ जवान. जहाजाबद्दल मात्र एक ओळ. ते होतं कुठलं? आणि कापसाबरोबर दारूगोळा भरला तरी कसा?

जुना इंजिनवाला
कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावर, प्रिन्स रूपर्टला १९४२ मध्ये बांधलेलं. म्हणजे पुरती दोन वर्षंही जगलं नाही. जर्मन पाणबुड्या बुडवतील त्याहून भराभर जहाजं काढायची, म्हणून एकाच आराखड्यावरून ही ‘फोर्ट’ मालिका निघाली. नावं हडसन बे या फरचा व्यापार करणाऱ्या कंपनीच्या जुन्या ठाण्यांची. ७,१४२ टन, कोळशावर चालणारं वाफेचं इंजिन, वेग दहा-अकरा नॉट, म्हणजे ताशी जेमतेम वीस किलोमीटर. देखणं अजिबात नाही, पण कामाचं.

२४ फेब्रुवारी १९४४ला इंग्लंडमधल्या बर्कनहेडहून निघालं. पोटात सुमारे १,४०० टन स्फोटकं, पेट्यांत स्पिटफायर विमानं आणि सोनं. कराचीला थोडा माल उतरला आणि मोकळ्या जागेत कापसाच्या ८,७०० गाठी, तेलाची पिंपं, भंगार कोंबलं. माझ्या मते जहाज मेलं ते तिथेच, मुंबईत फक्त उडालं. एकाच होल्डमध्ये, म्हणजे जहाजाच्या पोटातल्या मालाच्या कप्प्यात, खाली कापूस नि वर स्फोटकं! आमच्या वेळी माल असा रचला असता तर चीफ ऑफिसरने बोटीवरून हाकललं असतं. पण युद्धात रिकामी जागा कोण सोडतो?

१२ एप्रिलला ते व्हिक्टोरिया गोदीत लागलं. एरवी असा माल गोदीबाहेर बार्जांत, म्हणजे सपाट मालवाहू होड्यांत, उतरवत. लढाईच्या घाईत नियम ढिले केलेले. धोक्याच्या मालाचा लाल बावटाही वर नव्हता. १४ला दुपारी दोनच्या सुमारास दोन नंबरच्या होल्डमधून धूर आला. बंबांनी शेकडो टन पाणी ओतलं, तर जळता कापूस त्यावर तरंगत वरच्या स्फोटकांकडे सरकला. ४ वाजून ६ मिनिटांनी पहिला स्फोट, अर्ध्या तासाने दुसरा.

माझगावकर
आमच्याकडे अजून ‘जपान्यांनी केलं’ म्हणतात.

जुना इंजिनवाला
म्हणू देत. चौकशीत अपघातच ठरला. बिडी-सिगारेटचा संशय होता. कापसाला तेवढं पुरतं, त्याला जपानी कशाला लागतोय?

भायखळ्याचा वाचक
आणि धक्क्यावर चढलेलं जहाज फोटोत दिसतं, तेच का हे?

जुना इंजिनवाला
नाही हो, ते ‘जलपद्म’, शेजारचं. फोर्ट स्टिकीनचा फोटो काढण्याइतकं काही उरलं नव्हतं.