फोन, इंटरनेट आणि टीव्ही यांचे एकत्रित बिल कमी कसे करावे?

प्रश्न:
आमच्या घरी तिन्ही सेवा एकाच कंपनीच्या पॅकेजमध्ये घेतलेल्या आहेत. सवलतीची मुदत होती तोवर बिल आटोक्यात होते, ती संपताच चांगलेच फुगले. माझे बरेचसे काम घरूनच चालते, मुलगी व्हिडिओ पाहते, आणि आई मात्र ठरावीक चार-पाच वाहिन्यांपलीकडे जात नाही. माझे काम अडणार नाही आणि आईचीही गैरसोय होणार नाही, अशा बेताने कात्री कोठे लावावी?

प्रतिसाद १:
एकूण रकमेकडे न पाहता आधी बिलातील एकेक ओळ वाचावी. आमच्या बिलात ‘अतिरिक्त सेट-टॉप बॉक्स’ अशी एक ओळ होती. तो बॉक्स शोधला तेव्हा रिमोटसकट जुन्या उशीच्या अभ्र्यात गुंडाळलेला माळ्यावर सापडला, आणि त्याचे भाडे आम्ही जवळजवळ दोन वर्षे इमानेइतबारे भरत होतो. राउटरचे भाडे लागत असेल, तर किती महिन्यांच्या भाड्यात स्वतःचा राउटर येईल याचा हिशेब करावा. मात्र तो त्या जोडणीवर चालेल का, हे विकत घेण्यापूर्वीच विचारावे.

प्रतिसाद २:
खरी बचत इंटरनेटच्या प्लॅनमध्ये असते, असे माझे मत आहे. जाहिरातीतला वेग मेगाबिटमध्ये असतो आणि आपण फायली मोजतो मेगाबाइटमध्ये. 8 बिट म्हणजे 1 बाइट, त्यामुळे 100 एमबीपीएसच्या (म्हणजे सेकंदाला 100 मेगाबिटच्या) जोडणीवर सेकंदाला जास्तीत जास्त 12.5 मेगाबाइट उतरतात. एचडी व्हिडिओला साधारण 5 एमबीपीएस लागतात आणि फोर-के व्हिडिओलाही 25 पुरतात, तेव्हा तुमच्या घराला 100 भरपूर झाले. मागच्या खोलीत व्हिडिओ अडकतो म्हणून लोक महागडा प्लॅन घेतात, आणि राउटर मात्र टीव्हीच्या कपाटामागे कोंबलेला असतो! लॅपटॉप केबलने थेट राउटरला जोडून वेग तपासा. तेथे तो पूर्ण मिळत असेल, तर दोष वाय-फायचा आहे, प्लॅनचा नव्हे. वाय-फायच्या दोन लहरीपट्ट्यांपैकी 5 गिगाहर्ट्झचा पट्टा वेगवान असला तरी भिंतींपुढे लवकर क्षीण होतो, 2.4 चा त्यामानाने लांब पोहोचतो. तुम्ही घरून काम करता, म्हणून प्लॅन उतरवताना अपलोडचा वेगही पाहून घ्या.

प्रतिसाद ३:
पॅकेज मोडण्याची घाई करू नये, कारण सुट्या सेवांची बेरीज कधीकधी जास्त भरते. कराराची मुदत आणि ती आधी मोडल्यास द्यावे लागणारे शुल्क पाहावे, मग दुसऱ्या कंपनीचा दर हाताशी ठेवून सध्याच्या कंपनीला फोन करावा, आणि जी सवलत कबूल होईल ती लेखी मागावी. मोबाइलचा प्लॅन 28 दिवसांचा असेल, तर 12 रिचार्ज 336 दिवसच पुरतात आणि वर्षाला तेरावा करावाच लागतो, म्हणून तुलना दर दिवसाच्या खर्चावर करावी. लँडलाइन बंद करणार असाल, तर बँकेत आणि इतरत्र नोंदवलेला क्रमांक आधी बदलून घ्यावा.

प्रश्नकर्ता:
सर्वांचे आभार. केबलने तपासल्यावर वेग पूर्ण मिळाला, त्यामुळे राउटर कपाटामागून काढून पॅसेजमध्ये लावला आहे. बिलात क्रीडा वाहिन्यांचा एक गट निघाला. तो आमच्यापैकी कोणी घेतला, हे मात्र कोणीच कबूल करत नाही. तो आजच बंद करण्यास सांगितले असून, पॅकेजबाबत कंपनीशी बोलणे व्हायचे आहे.