अनुभव धागा : आपल्या घरातलं डिस्कव्हरी

डिस्कव्हरी भारतात आलं १९९५ साली. आमच्याकडे केबलवर ते आधी इंग्रजीत दिसायचं. हिंदी सुरू झालं आणि रिमोट आजीच्या ताब्यात गेला. चित्ता हरणामागे लागला की ती खाटेवरून ओरडायची, "पळ गं बाई, वळ तिकडं!" हरीण निसटलं की चित्त्याच्या उपाशी पिल्लांसाठी हळहळायचीही तीच. तुमच्या घरातले किस्से येऊ द्या.

नाशिक : आमच्याकडे रात्रीच्या जेवणाला बेअर ग्रिल्स, जंगलात तग धरून दाखवणारा. तो अळी चावतोय आणि आई म्हणतेय, "बघ, न कुरकुरता खातोय. तू दोडका संपव." पुढे कार्यक्रमात पाटी यायला लागली, की काही प्रसंग मुद्दाम घडवून दाखवलेत. मी ती आईला मोठ्याने वाचून दाखवली. दोडका सुटला नाहीच.

मालवण : स्टीव्ह आयर्विन आम्ही बघायचो अॅनिमल प्लॅनेटवर, म्हणजे डिस्कव्हरीच्याच भावंडावर. ४ सप्टेंबर २००६. अकरा दिवसांचा गणपती घरात, आरतीची तयारी चाललेली आणि बातमी लागली : स्टिंगरेचा काटा छातीत घुसून स्टीव्ह गेला. स्टिंगरे म्हणजे काय ते कुणालाच कळेना. चित्र दाखवलं तसे काका म्हणाले, "अरे, हा तर पाकट!" जाळ्यात पाकट आला की ते सगळ्यात आधी त्याच्या शेपटीचा काटा उडवायचे. मगरींशी झोंबणारा माणूस पाकटाने जावा, हे त्यांना पटतच नव्हतं.

सांगली : १२ ऑगस्ट २०१९ला टीव्हीवर पंतप्रधान आणि ग्रिल्स जिम कॉर्बेटमध्ये भिजत हिंडले म्हणे. आमच्याकडे तेव्हा कृष्णेचं पाणी नुकतं ओसरत होतं. टीव्ही माळ्यावर, लाइट गायब. तो भाग महिन्याने मोबाइलवर पाहिला. ताडपत्रीची होडी करून नदी ओलांडतात ते बघून शेजारी म्हणाला, "ही आठवडाभर आधी शिकवायची होती."

पुणे : हिंदी आवाजाच्या खाली मूळ इंग्रजी पुटपुटत राहतं, त्याने डोकं उठायचं. बाकी तक्रार नाही.

पिंपरी : बाबा लेथवर होते. सेकंड शिफ्टहून आले की 'हाऊ इट्स मेड' लावायचे, आवाज बंद करून. एकदा पट्ट्यावरून बेअरिंगं सरकत होती, एकसारखी, चकचकीत. बाबा ताटातला हात थांबवून बघत राहिले. मग म्हणाले, "जॉब दाखवतात रे, सेटिंग कुणी केलं ते नाही दाखवत."