रिटेन्ड साइज हीप स्नॅपशॉटच्या फाइलमध्ये नसतेच

क्रोमच्या डेव्हटूल्समधून सेव्ह केलेला हीप स्नॅपशॉट (त्या क्षणी पानाच्या मेमरीत असलेल्या ऑब्जेक्टची नोंद) स्क्रिप्टने वाचला, पण बेरीज रिटेन्ड साइजच्या रकान्याशी जुळेना, असं म्हणताय ना? जुळणारच नाही.

ती फाइल म्हणजे साधं जेसन. त्यात प्रत्येक ऑब्जेक्टची फक्त स्वतःची साइज असते. तो ऑब्जेक्ट गेला तर एकूण किती मेमरी सुटेल, म्हणजेच रिटेन्ड साइज, हे फाइल डेव्हटूल्समध्ये उघडल्यावर डॉमिनेटर ट्री (कोणता ऑब्जेक्ट कोणामुळे मेमरीत टिकून आहे याची उतरंड) बांधून काढलं जातं. शिवाय तो रकाना बेरजेसाठी नाहीच. आतल्या ऑब्जेक्टचे बाइट त्याला टिकवून ठेवणाऱ्या बाहेरच्या ऑब्जेक्टमध्येही धरलेले असतात.

आणखी एक खड्डा, ज्यात माझी अख्खी संध्याकाळ गेली: फाइलमध्ये प्रत्येक ऑब्जेक्ट म्हणजे एक नोड आणि एकाकडून दुसऱ्याकडे जाणारा दुवा म्हणजे एज. एजमधला 'टू नोड' हा नोडचा क्रमांक नसतो, सगळ्या नोडच्या सपाट अ‍ॅरेतली 0 पासून मोजलेली जागा असते. एका नोडला 7 फील्ड असतील तर 70 म्हणजे अकरावा नोड. फील्ड किती ते फाइलच्या मेटामध्ये बघा, 7 गृहीत धरू नका.

मेमरीची गळतीच (काम संपूनही न सुटलेली मेमरी) शोधायची असेल तर एकाच फाइलवर डोकं फोडण्यात अर्थ नाही. टॅब रीलोड न करता कृतीच्या आधी आणि नंतर असे दोन स्नॅपशॉट घ्या आणि दोन्हींतल्या ऑब्जेक्टचे आयडी जुळवा.