चित्रकारांनी विचारलेले प्रश्न : तुमची उत्तरं सांगा

ओळख करून घेताना आपण तेच तेच विचारतो, गाव कुठलं, काय करता, आवडता रंग कोणता. मला जरा वेगळं विचारायचंय. मी शाळेत चित्रकला शिकवते, एलिमेंटरी-इंटरमिजिएटला बसणाऱ्या मुलांना चित्रकारांच्या गोष्टी सांगता सांगता जाणवलं की यातली प्रत्येक गोष्ट ऐकणाऱ्यालाच काहीतरी विचारतेय. व्हिन्सेंट व्हॅन गॉगला थिओ होता, पैसे आणि रंग पाठवणारा धाकटा भाऊ, तर तुमचा थिओ कोण? फ्रिडा काहलो १९२५ च्या बस अपघातानंतर पलंगाला खिळली, आईने वर आरसा लावून दिला आणि ती स्वतःलाच रंगवायला लागली, तुम्ही आडवे पडला होतात तेव्हा काय बघत होतात? मोने मोतीबिंदू झालेल्या डोळ्यांनी तळं रंगवत राहिला, तुमच्या घरात जग कुणाला वेगळं दिसायचं? व्हर्मीरने दूध ओतणारी बाई रंगवली, तुमच्या घरातलं कुठलं काम फ्रेम करून भिंतीवर लावाल? हुसेननी पोटासाठी सिनेमाची होर्डिंग रंगवली, तुमचं पोटाचं काम कुठलं, मनाचं कुठलं? सत्तरीनंतरही शिकत राहिलेल्या जपानी चित्रकार होकुसाईसारखं उशिरा काय हाती घेतलंत? हळदणकरांचं दिवा घेतलेल्या बाईचं चित्र आठवतं ना, तो दिवा तुम्ही कुणाच्या हातात द्याल?

एकाच प्रश्नाचं उत्तर दिलंत तरी चालेल, पण सविस्तर द्या. नवीन प्रश्न सुचला तर तोही टाका.

*

थिओचा प्रश्न वाचला आणि लगेच लिहायला बसले. माझी नणंद. आम्ही सगळे त्यांना आक्का म्हणतो. माझं लग्न झालं तेव्हा ए.टी.डी.चं, म्हणजे चित्रकला शिक्षकाच्या डिप्लोमाचं, शेवटचं वर्ष राहिलं होतं, सासरी कुणी नाही म्हणालं नव्हतं पण हो असंही म्हणालं नव्हतं, ते तसंच मागे पडलं असतं. आक्का माहेरपणाला आल्या होत्या, त्यांनी माझी स्केचबुकं ट्रंकेतून काढून एकेक पान बघितलं आणि रात्री जेवताना सगळ्यांसमोर आबांना सांगितलं, वहिनीची फी मी भरणार. बालवाडीच्या पगारातून त्या मनीऑर्डर करायच्या आणि खालच्या कुपनवर एकच ओळ असायची, रंग संपले की कळव.

पण खरं तर आक्का मला थिओपेक्षा त्याच्या बायकोसारख्या वाटतात, योहानासारख्या. व्हिन्सेंट १८९० च्या जुलैत गेला आणि थिओ सहा महिन्यांत, १८९१ च्या जानेवारीत. योहाना तेव्हा २८ वर्षांची, कडेवर वर्षाचं पोर आणि घरभर न विकलेली चित्रं. तिने ती सांभाळली, प्रदर्शनं भरवली, दिराची पत्रं लावून १९१४ ला छापून आणली. बदामाच्या फांद्यांचं ते निळं चित्र आपण मोबाईलच्या कव्हरवर बघतो ना, ते व्हिन्सेंटने तिच्याच बाळाच्या जन्माच्या आनंदात काढलेलं. ॲमस्टरडॅमच्या संग्रहालयात आज जे आहे त्यातलं बरंचसं या भावजयीने राखलं म्हणून आहे, आणि तिचं नाव अजूनही कितीतरी जणांना माहीत नसतं, याचं मला फार वाईट वाटतं. माझं कॉलेजचं सगळं काम आक्कांकडेच आहे, दर पावसाळ्यानंतर त्या ते बाहेर काढून कसर-वाळवी नाही ना बघतात आणि मला फोनवर रिपोर्ट देतात.

*

फ्रिडा. मी अकोल्याचा. बारावीनंतरच्या सुट्टीत मोटरसायकलवरून पडलो, मांडीचं हाड मोडलं, अख्खा उन्हाळा पलंगावर. मोबाईल तेव्हा नव्हतेच आणि टीव्ही पुढच्या खोलीत. आईने कपाटाच्या दाराचा आरसा काढून खिडकीसमोर असा तिरका टांगला की मला पडल्या पडल्या गल्ली दिसायची. सगळं उलटं, पिठाच्या गिरणीची पाटी उलटी, लोक डावीकडून यायचे ते उजवीकडून येताना दिसायचे. फ्रिडा आरशात स्वतःला बघत होती, मी गल्ली बघत होतो. समोरचे काका रोज संध्याकाळी कामावरून आले की दारापाशी थोडा वेळ नुसते उभे राहायचे, तोंडावरून रुमाल फिरवायचे, मग चेहरा हसरा करून आत जायचे. घरात काकू अंथरुणाला खिळलेल्या होत्या हे मला नंतर कळलं. चित्र काढता येत असतं तर तेवढंच काढलं असतं मी, दाराबाहेर उभे असलेले काका.

*

व्हर्मीर! आम्ही नेदरलँड्समध्ये हेगला राहतो, मोत्याचं डूल घातलेल्या मुलीचं त्याचं चित्र इथे मॉरित्सहाउस संग्रहालयात आहे, पण माझा जीव ॲमस्टरडॅमच्या दूधवालीवर. तिच्यामागची भिंत बघा कधी, खिळा, खिळा काढल्याची भोकं, पोपडे, सगळं जसंच्या तसं ठेवलंय त्याने. माझं उत्तर, सासूबाई गव्हले करतात ते. दोन बोटांत पीठ फिरतं आणि परातीत तांदळासारखे दाणे पडत राहतात, बोलणं चालूच, हाताकडे लक्षही नसतं. मागे कॅलेंडरच्या खिळ्यांची भोकं पडलेली आमची सातारची भिंत.

*

मोनेचं वाचून आईच आठवली. मोनेच्या मोतीबिंदूचं निदान १९१२ ला झालं आणि ऑपरेशनला तो तयार झाला १९२३ मध्ये, मधल्या वर्षांतल्या चित्रांत तळ्यावरचा जपानी पूल सुद्धा लाल-तपकिरी धगीत बुडालेला दिसतो, कारण डोळ्यातलं पिकलेलं भिंग पिवळट होतं आणि निळा रंग डोळ्यात नीट पोचतच नाही. आमच्या आईला पांढरे कपडे पिवळे दिसायला लागले होते. धुणं स्वच्छ निघत नाही म्हणून ती नीळ वाढवत गेली, वडिलांचे सदरे, धोतरं, उशांचे अभ्रे, सगळं आभाळी झालं तरी तिला पिवळंच दिसायचं आणि वडील एका शब्दाने बोलले नाहीत, तसेच सदरे घालून बँकेत, देवळात, लग्नाकार्याला जायचे. ऑपरेशन झालं, पट्टी निघाली, घरी आली आणि दोरीवरचे कपडे बघून म्हणाली, अगं बाई, हे कुणाचे? मग वडिलांना, तुम्ही सांगितलं का नाही? ते म्हणाले, तू मन लावून धूत होतीस.

*

हुसेन आमच्या पंढरपूरचे म्हणून हा प्रश्न माझा. मी पेंटर, दुकानाच्या पाट्या, ट्रकचे नंबर, निवडणुकीच्या भिंती, शाळेतले सुविचार, सगळं केलंय. मुंबईत हुसेन होर्डिंग रंगवायचे तेव्हा लहान फोटोवर चौकटी आखून त्या मोठ्या करायच्या, ग्राफ टाकणं म्हणतो आम्ही त्याला, तसंच मी शिकलो. खडू लावलेला दोरा ताणून भिंतीवर फटका मारायचा, रेघ उमटते, त्यावर अक्षर बसवायचं. फ्लेक्स आल्यावर पाट्यांचं काम जवळजवळ संपलं, आता घरांचं कलरकाम घेतो, त्यावर घर चालतं. मनाचं काम म्हणजे अक्षर. वारीच्या आधी आमच्या भागातल्या दिंडीच्या ट्रकवर नाव मीच घालतो, पैसे घेत नाही. ‘ज्ञ’ काढताना ब्रश मध्येच उचलायचा नसतो, एका दमात तो उतरला की दिवसभर बरं वाटतं.

*

वरच्या दादांचं वाचून होकुसाई आठवला म्हणून त्याचं उत्तर देतो. फुजी पर्वताच्या १०० दृश्यांच्या पुस्तकात, वयाच्या पंचाहत्तरीच्या आसपास त्याने लिहिलंय की सत्तरीपर्यंत काढलेलं काहीच दखल घेण्यासारखं नाही, ७३ व्या वर्षी प्राणी-झाडांची घडण थोडी कळली, ११० व्या वर्षी माझा प्रत्येक ठिपका, प्रत्येक रेघ जिवंत असेल. १८४९ ला गेला. त्याचं ते जगप्रसिद्ध लाटेचं चित्र सुद्धा सत्तरीच्या उंबरठ्यावरचं आहे, हे माझ्या वयाच्या लोकांनी ध्यानात ठेवावं. मी निवृत्तीनंतर मोडी शिकतोय. आधी पानभर आडवी रेघ ओढून घ्यायची आणि मग तिला अक्षरं लटकवत जायचं, शब्द कुठे तुटतो तेही आपणच ओळखायचं. आजोबांच्या वेळचं जमिनीचं एक खत घरात आहे, त्यातली पहिली ओळ लागली, दुसरीत एक नाव अडलंय. कुणाला जुनी नावं वाचायची सवय असेल तर इथे सांगा, मी अक्षराचं वळण वर्णन करून लिहीन.

*

हळदणकर सावंतवाडीचे, मीही तिथलीच. ते चित्र मैसूरच्या जगनमोहन पॅलेसमध्ये आहे आणि जलरंगात आहे, बरेच जण अजूनही ते रविवर्म्याचं समजतात. दिवा घेऊन उभ्या राहिल्या त्या त्यांच्या कन्या गीता उपळेकर, २०१८ ला कोल्हापुरात वयाच्या १०२ व्या वर्षी गेल्या. बोटांतून लालसर उजेड झिरपतो ना, त्या बोटांसाठी मी माझी काकी उभी करेन. लाईट गेली की ती ज्योतीपुढे हात धरून मागच्या पडवीत जायची, गाय व्यायला झालेली असली की रात्रीत कितीतरी वेळा.

*

मॅडम, नवीन प्रश्न टाकते. चित्रकार अमृता शेरगिल पॅरिसला शिकून आली आणि १९३६ मध्ये अजिंठा बघितल्यावर तिची चित्रं बदलली, १९३७ ची ब्रह्मचारी आणि नवरीचा साजशृंगार ही चित्रं बघा, माणसं कशी शांत आणि भरीव झालीत. तर कुठली जागा बघून तुमचं बघणं बदललं? मी जळगावची, आम्हाला अजिंठा म्हणजे शाळेची सहल, डबा आणि माकडं. नोकरी लागल्यावर एकटी गेले, पहिल्या लेण्यात पद्मपाणी बोधिसत्त्वाच्या चित्रापुढे बसून राहिले, डोळे अंधाराला सरावले तसे भिंतीवर एकेक चेहरे वर यायला लागले. त्यानंतर कुठल्याही चित्रापुढे मी आधी बसते. जाणार असाल तर सोमवारी लेणी बंद असतात आणि आत फ्लॅश चालत नाही, तेवढं बघून निघा, आणि गर्दी टाळायला सकाळची पहिली बस पकडा.