मदत हवी आहे: फीडबॅकचा ड्रोन ऐकताना एक, रेंडर केल्यावर दुसराच (रीपर + व्हायटल)

घुमा_कोल्हापूर:
४० मिनिटांचा अखंड ड्रोन (तानपुऱ्यासारखा सतत लागून राहणारा सूर) करतोय. राजारामपुरीतल्या एका छोट्या खोलीत दोन स्पीकरवर ऐकवायचा आहे. रीपर (ध्वनिमुद्रणाचं सॉफ्टवेअर), ४४,१०० हर्ट्झ, बफर (एका वेळी हाताळला जाणारा सॅम्पलचा ब्लॉक) ५१२. ट्रॅक १ वर व्हायटल या सिंथेसायझरमधून सा (काळी एक) आणि पंचम. ट्रॅक २ वर इचलकरंजीच्या यंत्रमागाचं रेकॉर्डिंग, पॉलस्ट्रेच या आवाज ताणणाऱ्या सॉफ्टवेअरनं ८ पट ताणलेलं. दोन्ही ट्रॅक ३ वर येतात, तिथं व्हॅल्हाला सुपरमॅसिव्ह (घुमारा देणारं प्लगइन), मिक्स (घुमाऱ्याचा वाटा) ४०%. ३ चा सेंड (आवाज दुसऱ्या ट्रॅकवर पाठवायची वाट) ४ वर आणि ४ चा परत ३ वर, असा लूप. प्रोजेक्ट सेटिंग्जमध्ये फीडबॅक राउटिंग चालू आहे.

अडचणी तीन. ऐकताना खाली जो गुणगुणता सूर लागतो तो रेंडरमध्ये (प्रोजेक्टची ऑडिओ फाइल केल्यावर) बदलतो. दहाएक मिनिटांनी खालचा आवाज फुगत जाऊन मीटर लाल होतो. आणि पंचम सतत डुलतो, साधारण दर दोन सेकंदांनी.

काळी_एक:
तो गुणगुणता सूर तुमच्या बफरचा आहे. रीपरमध्ये फीडबॅक परत यायला एक ब्लॉक लागतो. ५१२ भागिले ४४,१०० म्हणजे ११.६१ मिलिसेकंद, म्हणून ८६ हर्ट्झ आणि त्याच्या पटी उठतात. मिक्स ४०% असल्यामुळे कोरडा (घुमारा न लागलेला) आवाजही लूपमध्ये फिरतो, म्हणून हे इतकं स्पष्ट ऐकू येतं. रेंडर करताना रीपर वेगळा ब्लॉक धरू शकतो, की सूर सरकला. प्रेफरन्सेसमध्ये ऑडिओच्या खाली रेंडरिंगमध्ये ब्लॉक साइझचा रकाना आहे, तिथं ५१२ लिहा. मी मात्र रेंडर करणारच नाही. ३ चा सेंड एका नव्या ट्रॅकवर घ्या, त्याला 'रेकॉर्ड आउटपुट'वर ठेवा आणि ४० मिनिटं चालू द्या. जे ऐकलं तेच हाती येतं.

आता खरी गंमत. तुमचा खालचा सा ६९.३ हर्ट्झ. ८६ हा त्याचा शुद्ध गंधार, पण जवळपास १० सेंट (सेंट म्हणजे अर्ध्या स्वराचा शंभरावा भाग) उतरलेला, म्हणून कानाला खटकतो. बफर २५६ किंवा १०२४ केला तर सप्तक बदलतं, खटका तसाच राहतो. ६९.३ साठी लूप १४.४३ मिलिसेकंदांचा हवा. ट्रॅक ४ वर रीपरचाच जेएस टाइम अ‍ॅडजस्टमेंट डिले टाका, २.८२ मिलिसेकंद. मग लूप सा धरेल, आणि त्याचा तिसरा स्वरांश (मूळ सुराच्या तिप्पट हर्ट्झचा सूर) २०७.९ हर्ट्झ म्हणजे शुद्ध पंचम.

डुलण्याचं कारणही इथंच आहे. व्हायटलचा पंचम समान विभागणीचा (सप्तकाचे बारा सारखे भाग केलेला), २०७.६५ हर्ट्झ. त्याचा दुसरा आणि वरच्या सप्तकातल्या सा-चा (१३८.६ हर्ट्झ) तिसरा स्वरांश यांच्यात ०.४७ हर्ट्झचा फरक पडतो, म्हणजे दर २.१ सेकंदांनी एक झोका. पंचम २ सेंट चढवा, स्थिर होईल. तानपुऱ्याची सवय असलेल्या कानाला हा फरक लगेच कळतो.

मागवाला:
फुगण्याबद्दल. लूपमध्ये ज्या पट्टीत (हर्ट्झच्या टप्प्यात) गेन (आवाज किती पट होतो ते) १ च्या वर जातो, ती पट्टी दर फेरीत वाढतच राहते. मागाच्या ताणलेल्या आवाजात खालचा गोळा भरपूर असतो. मास्टरवर लिमिटर (ठराविक पातळीवर आवाज अडवणारं प्लगइन) लावून भागणार नाही, तो फक्त बाकीचं सगळं दाबेल. उपाय लूपच्या आतच हवा: ट्रॅक ४ वर आधी सॉफ्ट क्लिप (आवाजाची टोकं हळुवार कापणारा क्लिपर), मग ५० हर्ट्झचा हायपास (त्याखालचा आवाज गाळणारा फिल्टर). क्रम उलटा करू नका. असमान क्लिपिंगमधून डीसी (ऐकू न येणारा स्थिर कल) येतो आणि तो हायपासनंच निघतो. सेंड −३ डेसिबलपासून सुरू करून हळूहळू वर न्या.

हे करताना हेडफोन नको. रीपरमध्ये ठराविक पातळी ओलांडली की आपोआप म्यूट करायची सोय आहे, ती आधी चालू करा. हा लूप एकदा सुटला की कानाला इजा होते.

व्हायटलच्या एलएफओचे (आवाज हळूहळू बदलत ठेवणाऱ्या मंद लहरींचे) काळ १७, २३ आणि २९ सेकंद ठेवले तर तिघांची गाठ ३ तास ९ मिनिटांनी पडते. ४० मिनिटांत काहीच पुन्हा येणार नाही.

रंकाळा_काठ:
बफरचा त्रासच नको असेल तर लूप व्हीसीव्ही रॅक या मॉड्युलर सिंथेसायझरच्या सॉफ्टवेअरमध्ये बांधा. तिथं प्रत्येक केबलला एका सॅम्पलचाच उशीर असतो.

घुमा_कोल्हापूर:
२.८२ टाकलं. पंचम स्थिर झाला, फुगणंही थांबलं. पण लूपचा सूर साच्या किंचित खाली लागतोय.

काळी_एक:
म्हणजे ट्रॅक ४ वरच्या क्लिपरची स्वतःची लेटन्सी (उशीर) असणार. ओव्हरसॅम्पलिंग (आत जास्त सॅम्पल धरून काम करणं) चालू असेल तर हमखास. मोजून घ्या: व्हायटल आणि माग म्यूट करा, सुपरमॅसिव्हचं मिक्स ० करा, ट्रॅक ३ वर एकाच सॅम्पलची टिक सोडा आणि बाहेरचा आवाज रेकॉर्ड करा. लागोपाठच्या दोन टिकांमध्ये ६३६ सॅम्पल हवेत. ६६८ आले तर ३२ जास्त, म्हणजे ०.७३ मिलिसेकंद. तेवढे डिलेमधून कमी करून २.०९ ठेवा, मिक्स परत ४०% करा.